सोळा आण्यांचा गेमिंग पीसी: दारव्ह्यात पार्ट निवडताना

मागच्या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना आकडे निसटून जातात, म्हणून बऱ्याच जणांनी मागितलं होतं. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे "अं" आणि "म्हणजे" तेवढे कापलेत.

प्रश्न दारव्ह्याहून आला होता. मीही दारव्ह्याचीच. बीटेक करून आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, पण गावाचं नाव दिसलं की मेसेज आपोआप वर येतो. मुलगा यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याने लिहिलंय: "ताई, कापूस विकून बाबांनी ५६ हजार दिले. अभ्यासही करायचा आहे अन् गेमही खेळायचे आहेत. मॉनिटर, कीबोर्ड घरी आहे. बाबा म्हणते, एकदाच देतो, मंग दोन वर्षं मागू नको. एक दुकानदार आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्डवाला रेडी पीसी देतो म्हणते. घेऊ का?"

माझं उत्तर: भाऊ, तो घेऊ नको. आणि या मेसेजमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आय सेव्हनचं नाही, बाबांचं आहे. दोन वर्षं मागायचं नाही, म्हणजे दोन वर्षांत काही जळलं तर दुरुस्तीला पैसे नाहीत. यूट्यूबवरची "बेस्ट बजेट बिल्ड" ची यादी हे गृहीतच धरत नाही. त्या यादीवाल्याच्या खोलीत एसी असतो, भिंतीत नीट अर्थिंग असतं आणि सर्व्हिस सेंटर शहरातच असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर होतं, आणि पार्ट बदलून घ्यायचा तर बहुतेक वेळा गाडी नागपूरपर्यंत जाते. त्यामुळे आपली यादी थोडी वेगळी निघते.

आधी त्या रेडी पीसीबद्दल

"आय सेव्हन" हे प्रोसेसरचं आडनाव झालं. दुकानदाराला पूर्ण नाव विचारायचं. इंटेलचा आय सेव्हन-२६०० हा २०११ चा आहे, ३७७० हा २०१२ चा. ऑफिसांमधून निघालेल्या जुन्या मशिनमध्ये हेच सापडतात. चार कोर, आठ थ्रेड. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय थ्री-१२१००एफ मध्येही चार कोर, आठ थ्रेडच आहेत, पण एकेक कोर कितीतरी वेगवान. दहा वर्षांनी आलेला धाकटा थोरल्याला आरामात मागे टाकतो. नाव वाचायची रीत सोपी आहे: १२१०० मधले पहिले १२ म्हणजे बारावी पिढी. मागचं एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

दुसरी अडचण विंडोजची. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. २०११ च्या मदरबोर्डवर हे मिळणार नाही.

तिसरी, "४ जीबी ग्राफिक्स कार्ड". असल्या रेडी पीसीत बहुतेकदा जीटी ७३० निघतं. हे कार्ड २०१४ चं. जीबी म्हणजे किती माल मावतो ते. माल किती वेगाने आत-बाहेर होतो, ती बँडविड्थ. जिनिंगचं आवार कितीही मोठं असू द्या, फाटक एकाच गाडीपुरतं असेल तर रांग रस्त्यावर लागणारच. जीटी ७३० च्या डीडीआर३ वाल्या कार्डाची बँडविड्थ सेकंदाला ३० जीबीच्याही आत आहे. आरएक्स ६६०० ची २२४ जीबी. म्हणून दुकानात "किती जीबीचं कार्ड" असं न विचारता "कोणतं कार्ड" असं विचारायचं.

आता आणेवारी काढू

सरकारी कागदावर आता पैसेवारी म्हणतात, पण गावात अजून आणेवारीच चालते. ५६ हजारांना सोळाने भागलं की एक आणा होतो साडेतीन हजारांचा. माझी वाटणी अशी:

ग्राफिक्स कार्ड: ६ आणे, म्हणजे २१,०००
प्रोसेसर: ३ आणे, १०,५००
मदरबोर्ड: २ आणे, ७,०००
रॅम: २ आणे, ७,०००
एसएसडी: १ आणा, ३,५००
एसएमपीएस: १ आणा, ३,५००
कॅबिनेट आणि पंखे: १ आणा, ३,५००

हे भाव नाहीत, मर्यादा आहेत. भाव दर आठवड्याला हलतात. बजेट ४० हजार असेल तर आणा अडीच हजारांचा होईल, वाटणी साधारण तीच. फक्त एसएमपीएसचा आणा कमी करायचा नाही. तो एक आणा बाकीच्या पंधरा आण्यांची राखण करतो. म्हणून आपण यादी उलटीकडून सुरू करू.

एसएमपीएस

भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करून प्रत्येक पार्टला देणारा हा डबा. कॅबिनेटसोबत "फ्री" मिळतो तेव्हा त्याच्यावर ठळक अक्षरांत ४५० वॉट लिहिलेलं असतं. ते वाचायचं नाही. बाजूच्या लेबलवर +१२ व्ही असा रकाना असतो, त्याखालचे अँपिअर पाहायचे आणि १२ ने गुणायचं. समजा तिथे १७ अँपिअर लिहिलंय. १७ गुणिले १२, म्हणजे २०४ वॉट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जेवतात, तेव्हा त्या ४५० मधले कामाचे हे एवढेच.

आपली गरज किती? आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॉटचं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणून विकला जातो, पूर्ण जोरात ७५ च्या आसपास जातो. बाकी सगळ्याला ५० धरा. झाले साधारण २६०. मग १२ व्होल्टवर खरोखर ४५० ते ५५० वॉट देणारा एसएमपीएस पुरतो, पुढे थोडं मोठं कार्ड घेतलं तरी चालतो. साडेसातशे-हजार वॉटच्या मागे लागायची गरज नाही.

डब्यावर "८० प्लस ब्राँझ" असेल तर चांगलं. पण त्याचा अर्थ एवढाच की अर्ध्या लोडवर तो साधारण ८५ टक्के वीज कामाला लावतो, उरलेल्या विजेची उष्णता होते. संरक्षणाबद्दल तो शिक्का काही बोलत नाही. त्यासाठी पेटीवर ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंट आणि शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन लिहिलंय का ते वेगळं पाहायचं. स्वस्त डबा मरताना एकटा मरत नाही. १२ व्होल्टच्या तारेत जास्त व्होल्टेज गेलं की मदरबोर्ड आणि कार्ड सोबत जातं.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट: इनपुटचा रकाना. काही एसएमपीएसवर २००-२४० व्होल्ट असतं, काहींवर १००-२४०. संध्याकाळी घरात १८० व्होल्ट येत असतील तर पहिला बंद पडेल किंवा रीस्टार्ट मारेल, दुसऱ्याला फरक पडणार नाही. किंमत जवळपास सारखी असताना १००-२४० वालाच घ्या. मग फ्रिजचा स्टॅबिलायझर मध्ये लावायचीही गरज उरत नाही.

लाइट जाते त्याचं काय?

लाइट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे एका आवर्तनापुरताही दम नाही. तेवढ्यात दुसरीकडून वीज आली नाही तर पीसी बंद. साध्या यूपीएसला वळायला ४ ते १० मिलिसेकंद लागतात, म्हणून यूपीएसवर पीसी टिकतो.

घरी इन्व्हर्टर आहे का ते आधी पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, त्यावर यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड असं लिहिलेलं असतं. पंखे-दिव्यांसाठी ते बहुधा नॉर्मलवर असतं आणि तेव्हा वीज वळायला जास्त वेळ लागतो. पीसी त्या लाइनवर असेल तर बटण यूपीएसवर करा. इन्व्हर्टर साइन वेव्ह हवा. स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएस कुरकुर करतात. असा इन्व्हर्टर असेल तर यूपीएसचे पैसे वाचले.

नसेल तर यूपीएस घ्यावा लागेल, आणि तो या सोळा आण्यांच्या बाहेरचा खर्च आहे. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नाही, साधारण ३६० वॉट. तेवढ्यावर आपला पीसी आणि मॉनिटर चालतो, पण गेम चालू असताना काही मिनिटंच. काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता तो वेळ आहे.

अर्थिंग

हा भाग ऐकून दोघांनी लगेच मेसेज केला की आमच्याही कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. त्याचं कारण असं. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात, आणि तो पत्रा अर्थला जोडलेला असेल असं धरून चालतात. अर्थ नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे शंभराच्या वर व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी कमी असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण बिघाड झाला तर त्या करंटला जायला वाट नसते, आणि तेव्हा पत्र्याला हात लावणारा माणूसच ती वाट होतो.

तीन पिनांचा बोर्ड असणं म्हणजे अर्थिंग असणं नाही. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे तारच नसते. वायरमनला बोलवा आणि मीटरने न्यूट्रल ते अर्थ मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत आलं तर ठीक. पण तेवढ्यावर थांबू नका. फेज ते अर्थही मोजायला सांगा, तिथे फेज ते न्यूट्रलएवढंच दिसायला हवं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून घरातली जुनी माणसं त्यात पाणी ओततात. ते बरोबरच आहे. पार्ट यायच्या आधी हे काम उरका.

कॅबिनेट आणि ऊन

कूलर आणि पंखे प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोलीपेक्षा किती अंश वर ठेवायचं, एवढंच त्यांच्या हातात. २५ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारा प्रोसेसर ४५ अंशांच्या खोलीत ९० च्या आसपास जाईल. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादाच ९० अंश आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. लोक म्हणतात कार्ड खराब निघालं. कार्ड ठीक असतं, खोली तापलेली असते.

म्हणून समोर काच असलेलं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट नको. समोर जाळी, दोन पंखे हवा आत घेणारे, एक मागून बाहेर टाकणारा. जाळीमागे धुळीचा फिल्टर हवा आणि तो हाताने निघायला हवा. आपला जिल्हा कापसाचा, हवेत धुळीसोबत तंतूही असतात, ते हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसतात. दर दोन महिन्यांनी पीसी बंद करून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा.

आणि वाळ्याचा किंवा ताट्यांचा डेझर्ट कूलर खोलीत असेल तर खुशाल लावा, खोली थंड झाली तर पीसीलाही बरंच. फक्त कॅबिनेट त्याच्या थेट झोतात नको. ओली हवा आणि उडणारे थेंब मदरबोर्डला मानवत नाहीत.

आता कार्ड आणि प्रोसेसर

मॉनिटर घरचा आहे, १९२० बाय १०८० चा. म्हणजे कार्डाला प्रत्येक चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके रंगवायचे आहेत. फोर-के असता तर ८३ लाख, चौपट काम. १०८० साठी आरएक्स ६६०० च्या वर्गातलं ८ जीबीचं कार्ड पुरतं. ते बाजारात नसेल किंवा सहा आण्यांत बसत नसेल, तर आरटीएक्स ३०५० पाहा, पण त्याची दोन रूपं आहेत: २०२२ चं ८ जीबीवालं आणि २०२४ चं ६ जीबीवालं. नाव सारखं असलं तरी दुसरं हळू आहे. त्याचा एक गुण मात्र खरा: ते ७० वॉटमध्ये चालतं, त्याला एसएमपीएसची वेगळी केबल लागत नाही.

सेकंडहँड कार्डाचं विचारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. सगळी वाईट नाहीत. पण समोर बसून अर्धा तास जड गेम चालवून दाखवत असेल तरच घ्या. वॉरंटी नाही आणि दोन वर्षं पैसे मागायचे नाहीत, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर मी नवंच घेईन.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोर, बारा थ्रेड, कूलर पेटीतच मिळतो. कोडिंग आणि कॉलेजच्या सॉफ्टवेअरलाही उत्तम. त्याला लागणारा एएम४ मदरबोर्ड बी५५० चा घ्या. बी४५० जुना पडून असलेला मिळाला तर दुकानदाराकडून बायोस अपडेट करून घ्या, नाहीतर प्रोसेसर ओळखलाच जाणार नाही.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. मात्र जुन्या हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आलात तरी मोठा फरक लगेच जाणवतो, त्यामुळे साटा स्वस्त मिळाली तर वाईट वाटून घेऊ नका.

रॅमची गडबड

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. त्यामुळे रॅमचे दोन आणे पुरतीलच असं नाही. तीन लागले तर तो आणा कुठून काढायचा?

कार्डातून काढा. एक पायरी खालचं कार्ड घ्या. किंवा दुसरा रस्ता: रायझन ५ ५६००जी घ्या. त्यातल्या जी म्हणजे ग्राफिक्स आतच आहे. कार्डाचे सहा आणे बाजूला ठेवा, हलके गेम खेळा, अभ्यास करा आणि पुढच्या हंगामात कार्ड लावा. ५६०० पेक्षा त्याची कॅश निम्मी असल्यामुळे पुढे कार्ड लावल्यावर तो थोडा मागे राहील, पण आज पीसी चालू होईल.

या दुसऱ्या रस्त्यावर एक नियम पक्का: रॅमच्या दोन स्टिक, ८ आणि ८. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. एकच १६ ची स्टिक लावली तर फाटक अर्धं बंद. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगावर चालत राहते.

कुठून घ्यायचं

दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, तिथून नागपूर दीडशेच्या आसपास. ऑनलाइन काही पार्ट स्वस्त दिसतात, पण बिघडल्यावर पार्ट कोण पाठवणार आणि कुरिअरचा खर्च कोणाचा, हे आधी विचारा. माझा हिशोब असा: एसएमपीएस, मदरबोर्ड आणि कार्ड हे तीन अशा दुकानातून घ्या जिथे तुम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ शकता, आणि जो वॉरंटीसाठी स्वतः पाठवायला तयार आहे. चार-पाचशे जास्त गेले तरी चालतील. रॅम, एसएसडी ऑनलाइन चालेल, पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढा.

बिल जीएसटीचंच घ्या आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. कच्च्या बिलावर १८ टक्के वाचल्यासारखे वाटतात, पण तीन वर्षांची वॉरंटी त्या कागदावरच उभी असते. असेंबल करून एसटीने आणणार असाल तर कार्ड काढून त्याच्या पेटीत ठेवा आणि कॅबिनेट मदरबोर्ड खालच्या बाजूला येईल असं आडवं ठेवा. खड्ड्यांत जड कार्ड लटकत राहिलं तर स्लॉट तुटतो.

तर भाऊ, क्रम असा. आधी वायरमन. मग एसएमपीएस. मग रॅमचा भाव विचार आणि त्यावरून ठरव, कार्ड आत्ता की पुढच्या हंगामात. बाबांना पार्टची यादी आणि वॉरंटीची वर्षं एका कागदावर लिहून दाखव, गेमचं नाव मागाहून सांगितलंस तरी चालेल. दुकानदाराने कोटेशन दिलं की मला पाठव. आणि सोबत एसएमपीएसच्या लेबलचा फोटो हवा, पेटीचा नाही, डब्याच्या बाजूचा.